वस्तऱ्याचा चामडी पट्टा : माप, रचना व घडण

धार लावणे आणि धार राखणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. शेतकरी विळा पाजवतो किंवा सुतार पटाशी पाजवतो, तेव्हा पोलादाचा थोडा अंश झिजून नवी धार तयार होते. दाढीच्या वस्तऱ्याला असा दगड दररोज लावू गेल्यास पाते अकाली झिजून जाईल. म्हणून वस्तरा दगडावर क्वचित, काही महिन्यांतून एकदा घेतला जातो. एरव्ही प्रत्येक दाढीपूर्वी तो चामड्याच्या पट्ट्यावर फिरविला जातो. हिंदीत या पट्ट्यास ‘चमोटा’ म्हणतात. इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांस तो शब्द परिचित असेल.

हा पट्टा दिसावयास अगदी साधा असतो. जुन्या कमरपट्ट्याचा तुकडा कापून त्यास कडी लावली की काम झाले, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु तशा पट्ट्यावर चांगला वस्तराही थोड्याच दिवसांत बोथट होतो. पट्ट्याचे प्रत्येक माप पात्यावरून व वापरणाऱ्याच्या हातावरून ठरावयास हवे, हे त्याचे कारण होय. कातड्यापासून सुरुवात न करता पात्यापासून सुरुवात करणे, हेच या वस्तूच्या रचनेचे मुख्य सूत्र आहे. ते सूत्र ध्यानात घेऊन असा पट्टा हाताने कसा घडवावा, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

पट्टा नेमके काय करतो?

उत्तम लावलेल्या वस्तऱ्याची धार टोकाशी मिलिमीटरच्या एक सहस्रांशाहूनही बारीक असते. दाढीचा केस साधारण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा जाड असतो. केस पोलादापेक्षा कितीतरी मऊ. तरीही रोजच्या दाढीने धार बिघडते. २०२० साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली या गोष्टीचा छडा लावला. पोलादाहून सुमारे पन्नास पटींनी मऊ असलेला केसही, तो पात्याशी तिरका वाकला आणि त्या जागी पोलादाची घडण एकसारखी नसली, तर धारेचा कण उडवू शकतो, असे त्यांना आढळून आले. कण उडून पडलेली बारीक खाच पट्ट्याने भरून निघत नाही. त्यास दगडच हवा. परंतु धारेचे जे टोक केवळ किंचित वळलेले असते, ते सरळ करणे, त्यावरील ओलाव्याचे व गंजाचे सूक्ष्म अंश पुसून काढणे आणि धार गुळगुळीत ठेवणे, ही कामे पट्टा करतो. दगडाचे काम तो लांबणीवर टाकतो, त्याची जागा घेत नाही.

वस्तरा पट्ट्यावर सपाट ठेवला की पात्याची पाठ व धार अशी दोन्ही एकाच वेळी टेकतात. पाते सोळा मिलिमीटर रुंद व पाठ साडेचार मिलिमीटर जाड असेल, तर धारेचा एकूण कोन सुमारे सोळा अंश भरतो. हा कोन वस्तरा घडविणाऱ्यानेच ठरवून दिलेला असतो, वापरणाऱ्याने तो फक्त सांभाळावयाचा असतो. आता समजा, पट्ट्याचा कामाचा भाग ४५० मिलिमीटर लांब आहे आणि हाताच्या दाबाने तो मध्यभागी १० मिलिमीटर खाली गेला. अशा वेळी पात्याच्या दोन्ही बाजूंस पट्टा सुमारे अडीच अंशांनी वर उचलला जातो आणि धारेच्या टोकाभोवती वळतो. धारेची एक बाजू जेमतेम आठ अंशांची असताना अडीच अंशांचा हा फरक लहान नव्हे. धार सरळ होण्याऐवजी तिचे टोक गोलसर होऊ लागते. पट्टा लोंबता किंवा ताणला जाणारा नसावा, यासाठी पुढील सर्व खटाटोप आहे.

एकाचा पट्टा एकासाठीच

बारा बलुतेदारांच्या काळापासून न्हाव्याच्या धोकटीत वस्तऱ्याबरोबर धार राखण्याचे साहित्य असे, आणि त्याच एका साहित्यावर गावातील सर्वांच्या दाढीचा वस्तरा फिरे. रक्तातून पसरणाऱ्या रोगांचे ज्ञान झाल्यावर ही रीत मागे पडली, हे योग्यच झाले. कावीळ ‘ब’ व ‘क’ या रोगांचे विषाणू, तसेच एचआयव्हीचा विषाणू, रक्त लागलेल्या पात्यातून एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. पोलादाचे पाते निर्जंतुक करता येते, परंतु चामडे उकळता येत नाही. म्हणून केशकर्तनालयात प्रत्येक ग्राहकास नवे अर्धे पाते वापरणे, हीच सुरक्षित पद्धत होय.

यावरून येथे वर्णिलेला पट्टा कोणासाठी आहे, हे स्पष्ट व्हावे. जो गृहस्थ स्वतःच्या वस्तऱ्याने स्वतःची दाढी करतो, त्याच्या एकट्याच्या वापरासाठी हा पट्टा आहे. वस्तरा व पट्टा ही दोन्ही दात घासण्याच्या ब्रशाप्रमाणे व्यक्तिगत वस्तू आहेत. ग्राहकाच्या मापाने पट्टा बनविण्यास यामुळे आरोग्याचेही एक कारण मिळते.

आधी मापे घ्यावीत

काम स्वीकारताना कारागिराने ग्राहकाचा वस्तरा प्रत्यक्ष पाहावा. ते शक्य नसेल तर कागदावर पात्याची बाह्यरेषा काढून मागवावी. पुढील पाच गोष्टी नोंदवून ठेवाव्यात.

पहिली, धारेची लांबी. ती बहुधा सत्तर ते पंचाहत्तर मिलिमीटर असते. पट्टा पंचाहत्तर मिलिमीटर रुंद ठेवला तर संपूर्ण धार एकाच सरळ ओढीत टेकते. पट्टा पन्नास-साठ मिलिमीटर रुंद असेल, तर प्रत्येक ओढीत पाते मुठीकडून टोकाकडे तिरके सरकवावे लागते. हे कौशल्य सरावाने साध्य होते. नवशिक्यास मात्र रुंद पट्टाच द्यावा.

दुसरी, धारेचा आकार. काही वस्तऱ्यांची धार सरळ नसून मध्यभागी किंचित फुगीर असते. अशी धार कितीही रुंद पट्ट्यावर एकाच वेळी सर्वत्र टेकत नाही. तिच्यासाठी तिरकी ओढ अटळ असल्याने अधिक रुंदीचा खर्च व्यर्थ होय.

तिसरी, हाताची ओढ. ग्राहकाने उभे राहून, खांदा न हलविता, हात जेवढा मागेपुढे सहज जातो ते अंतर मोजावे. साधारणतः ४० ते ५० सेंटिमीटर अंतर पुरेसे ठरते. कामाचा भाग ४५ सेंटिमीटर धरल्यास दोन्ही टोकांस साडेसात-साडेसात सेंटिमीटर मूठ व कडी यांसाठी सोडून एकूण लांबी ६० सेंटिमीटर होते.

चौथी, पट्टा अडकविण्याची जागा. भिंतीतील खुंटी कोपराच्या उंचीवर असावी, म्हणजे पट्टा जवळजवळ आडवा धरता येतो. घरात अशी जागा नसेल किंवा ग्राहक वारंवार प्रवास करणारा असेल, तर टांगता पट्टा न करता सपाट फळीवर चिकटविलेला लहान पट्टा करून द्यावा. फळीवरील पट्टा लोंबत नाही, हा त्याचा मोठा गुण. परंतु ओढ आखूड मिळते.

पाचवी, ग्राहकाचा सराव. वस्तरा फिरविताना चामडे पात्यास जो हलका विरोध करते, त्यास आपण ‘पकड’ म्हणू. अनुभवी हातास थोडी पकड आवडते. नव्या हातास अगदी गुळगुळीत पृष्ठभाग सोयीचा पडतो.

चामड्याची निवड

आज जगात बहुतेक चामडे क्रोम क्षारांनी कमावले जाते. या पद्धतीचे व्यापारी दृष्ट्या उपयोगी एकस्व अमेरिकेत १८८४ साली ऑगस्टस शुल्ट्झ यांनी घेतले. क्रोमचे चामडे मऊ, लवचीक व पाण्यास टिकणारे असते, आणि हेच गुण आपल्या कामी अवगुण ठरतात, कारण ते ताणले जाते. पट्ट्यास साल-कमावणीचे चामडे हवे. ते भरीव, ताठ व कमी ताणणारे असते.

ही कमावणी आपल्या परिचयाची आहे. कोल्हापुरी चपलांसाठी कोल्हापूर, अथणी, निपाणी या भागात बाभळीची साल व हिरडा वापरून कातडे कमावण्याची परंपरा आहे. कातड्याची पिशवी शिवून, तीत सालीचा अर्क भरून ती टांगून ठेवावयाची व अर्क हळूहळू झिरपू द्यावयाचा, ही त्यातील विशेष रीत. या कामास कित्येक आठवडे लागतात. कोल्हापुरी चपलेस २०१८-१९ या वर्षी भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा समावेश आहे.

चामडे कोणत्या पद्धतीचे आहे, हे ओळखण्याची परीक्षा शाळेतील मुलांनाही करून दाखविता येईल. चामड्याची ताजी कापलेली कड पाहावी. साल-कमावणीची कड आतपर्यंत तपकिरी दिसते, न रंगविलेल्या क्रोमची निळसर-करडी दिसते. नंतर लहान तुकडा उकळत्या पाण्यात टाकावा. साल-कमावणीचा तुकडा आक्रसून कडक होतो. चांगला कमावलेला क्रोमचा तुकडा बहुधा आपला आकार राखतो.

जनावराच्या सर्वच अंगाचे चामडे सारखे नसते. पोटाकडील भाग सैल व ताणणारा, तर पाठीचा मागील भाग घट्ट असतो. तेव्हा पट्टी पाठीच्या मागील भागातून, कण्याला समांतर अशी कापावी, कारण त्या दिशेने चामडे कमी ताणले जाते. म्हशीचे चामडे जाड व मजबूत असते. त्याचे दाणे मात्र भरड असतात. म्हणून त्यातील सर्वांत बारीक दाण्याचा भाग निवडून घ्यावा. गोचिडांचे डाग, काट्यांचे व तारेचे ओरखडे असलेली जागा कामाच्या भागात येऊ देऊ नये. जाडी अडीच ते साडेतीन मिलिमीटर व सर्वत्र समान असावी. चपलेच्या तळासाठी तयार केलेले चामडे याहून जाड असल्यास ते मागील बाजूने तासून घ्यावे. वरील दाणेदार बाजूस रापी लावू नये.

कापणे व सपाट करणे

पट्टी प्रथम अंतिम मापापेक्षा पाच मिलिमीटर अधिक रुंद, म्हणजे ऐंशी मिलिमीटर कापावी. ओल्या फडक्याने ती दोन्ही बाजूंनी दमट करावी, भिजवू नये. एक टोक दोन लाकडी पट्ट्यांत घट्ट धरून टांगावे व दुसऱ्या टोकास तसेच धरून सुमारे पाच किलो वजन रात्रभर लावावे. चामड्यातील ताण असा आधीच काढून घेतला, म्हणजे पुढे पट्टा लोंबत नाही. ताणामुळे रुंदी थोडी घटते. अधिकचे पाच मिलिमीटर त्यासाठीच ठेवलेले असतात.

येथे एक काळजी घ्यावयाची आहे. सालीतील कषाय द्रव्य व लोखंड यांचा ओलाव्यात संयोग झाल्यास काळा डाग पडतो व तो निघत नाही. म्हणून दमट चामड्यास लोखंडी वजन, खिळा अथवा शिकंजा थेट लागू देऊ नये. मध्ये लाकूड ठेवावे. याच कारणास्तव कड्या पितळेच्या व रिव्हेट तांब्याचे वापरावेत.

पट्टी किंचित दमट असतानाच सपाट फळीवर ठेवून तिच्या दाणेदार बाजूवर काचेची गुळगुळीत बाटली दाबून लाटण्याप्रमाणे फिरवावी. यामुळे दाणे दबून पृष्ठभाग घट्ट होतो. मग पट्टी दोन फळ्यांमध्ये दाबून सावलीत पूर्ण वाळवावी. उन्हात अथवा चुलीजवळ वाळविल्यास चामडे वाकडे होते व तडकते. वाळल्यावर पोलादी पट्टी लावून एकाच सरळ रेषेत पंचाहत्तर मिलिमीटर रुंदीवर कापावी.

पृष्ठभाग अद्याप खरखरीत वाटल्यास ४०० व नंतर ६०० नंबरचा पॉलिश पेपर अगदी हलक्या हाताने, लांबीच्या दिशेने फिरवावा. त्यानंतर ब्रशने व कोरड्या कापडाने पट्टी पुन्हा पुन्हा पुसावी, कारण पॉलिश पेपरचा एखादा कण चामड्यात राहिला तर तो धारेवर ओरखडे पाडील. कडा किंचित गोल करून लाकडाच्या गुळगुळीत दांड्याने घासाव्यात. रंगीत पॉलिश किंवा मेण कामाच्या भागास कदापि लावू नये. स्वच्छ तळहाताने रोज दहा-पंधरा मिनिटे घासल्यास काही दिवसांत पृष्ठभागावर आपोआप तुकतुकी येते.

सुती पट्टी, मूठ व कडी

चामड्याच्या मागे त्याच रुंदीची जाड सुती पट्टी जोडण्याची पद्धत आहे. वस्तरा प्रथम सुती पट्टीवर व नंतर चामड्यावर फिरवितात. घट्ट विणीचे सुती कॅनव्हास किंवा खाटेची जाड नवार यासाठी उपयोगी पडते. नव्या कापडातील खळ साबण-सोड्याच्या पाण्यात उकळून काढावी, कापड वाळवून इस्त्री करावे व मगच वापरावे. दोन्ही पट्ट्या एकमेकींस सर्वत्र चिकटवू नयेत. केवळ टोकांशी जोडाव्यात, म्हणजे प्रत्येक पट्टी स्वतंत्रपणे ताणून धरता येते.

वरच्या टोकास चामडे दुमडून त्यात पितळी कडी बसवावी. कडी फिरती असल्यास पट्टा उलटताना पीळ पडत नाही. खालच्या टोकास चामड्याचे दोन थर एकत्र शिवून हाताच्या पंजास भरेल अशी मूठ करावी. मूठ दोन्ही बाजूंनी सारखी ठेवल्यास डावखुऱ्या ग्राहकासही तीच चालते. ताण मुठीच्या मध्यरेषेतून जावयास हवा. मूठ एका बाजूस झुकली तर पट्ट्याची एक कड ताठ व दुसरी सैल राहते.

शिवण मेण लावलेल्या जाड दोऱ्याने, आरीने चार-चार मिलिमीटरवर छिद्रे पाडून, दोन सुयांनी घालावी. प्रत्येक छिद्रातून दोन्ही बाजूंनी दोरा जात असल्याने एक टाका तुटला तरी शेजारचे टाके उसवत नाहीत. शिवणीचा अथवा रिव्हेटचा कोणताही भाग कामाच्या ४५ सेंटिमीटरांत येता कामा नये. धार धातूस एकदा लागली, तर महिन्याची मेहनत वाया जाते.

परीक्षा, वापर व निगा

तयार पट्टा देण्यापूर्वी खुंटीस अडकवून ताणावा व डोळ्याच्या रेषेत धरून पाहावा. दोन्ही कडा सारख्या ताणलेल्या दिसाव्यात. त्यावर सरळ पट्टी आडवी ठेवली असता खालून प्रकाश दिसू नये. डोळे मिटून तळहात फिरविल्यास कोठेही खडा किंवा उंचवटा लागू नये.

ग्राहकास वापराची रीत तोंडी समजावून सांगावी. वस्तरा कोरडा असावा. पात्याची पाठ पुढे व धार मागे, अशी ओढ घ्यावी. टोकाशी आल्यावर वस्तरा पाठीवरच उलटावा, धारेवर कधीही उलटू नये. दाब जवळजवळ नसावाच. पट्टा घट्ट धरावा व वस्तरा सैल. सुती पट्टीवर वीस-पंचवीस व चामड्यावर पन्नासच्या आसपास फेऱ्या पुरेशा होतात. गती आपोआप येते. आरंभी ती मुद्दाम आणू नये. पट्ट्यांवर पडणारे बहुतेक काप घाईने उलटताना पडतात. उथळ काप बारीक पॉलिश पेपरने बुजविता येतो, खोल काप पडलेली पट्टी बदलावी. यासाठी चामडी पट्टी सोडविता येईल अशा स्क्रूच्या रिव्हेटांनी जोडल्यास कडी व मूठ पुन्हा उपयोगात येतात.

क्रोमियम ऑक्साइडची हिरवी भुकटी लावून धार अधिक तीक्ष्ण करण्याची रीतही आहे. परंतु ती भुकटी पोलाद झिजविते. तिच्यासाठी वेगळी पट्टी राखावी; रोजच्या चामड्यास ती लावू नये. पट्टा टांगून ठेवावा. घडी घालू नये. पावसाळ्यात बुरशी धरल्यास कोरड्या कापडाने पुसून सावलीत वारा द्यावा.

कारागीर, अधिकारी व शिक्षक यांस

एकट्या वस्तऱ्याच्या पट्ट्यावर कुटुंबाचा चरितार्थ चालेल, असे कोणी सांगू नये. वस्तऱ्याने दाढी करणारे थोडे आहेत. परंतु जे आहेत ते जाणकार असून, मापाप्रमाणे व हाताने केलेल्या वस्तूची योग्य किंमत देण्यास तयार असतात. शिवाय चामड्याची जागा निवडणे, ताण काढणे, समान जाडी राखणे, मध्यरेषा सांभाळणे, ही या कामातील शिस्त कमरपट्टे, पिशव्या, घड्याळाचे पट्टे व बैलांचा साज या सर्वांस उपयोगी पडते. चामड्याचा दोष इतर वस्तूंत झाकला जातो. वस्तऱ्याच्या पट्ट्यात तो दुसऱ्याच दिवशी गालावर जाणवतो.

साल-कमावणीचे काम संथ व कष्टाचे आहे. चपलेखेरीज तिला जितके नवे उपयोग सापडतील, तितका त्या कामास आधार मिळेल. २०२३ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत चर्मकार व नाभिक या दोहोंचाही समावेश आहे. वस्तरा जाणणारा आणि चामडे जाणणारा, असे हे दोन कारागीर प्रशिक्षण वर्गात एकत्र बसविले, तर पुस्तकात न सापडणाऱ्या कित्येक गोष्टी ते एकमेकांस सांगतील. शिक्षकांनी कार्यानुभवाच्या तासास मापे घेणे, कोन काढणे व चामड्याची परीक्षा करणे एवढा भाग घ्यावा. वस्तरा मुलांच्या हाती देण्याची गरज नाही; पात्याऐवजी पुठ्ठ्याची प्रतिकृती पुरते.

कारागिराने प्रत्येक ग्राहकाच्या मापांची नोंद वहीत जपून ठेवावी. चामडी पट्टी काही वर्षांनी झिजेल व तोच ग्राहक पुन्हा येईल. त्या वेळी जुनी नोंद काढून तशीच पट्टी नव्याने करून देता आली, तर त्या कारागिराचे नाव तो ग्राहक दुसऱ्या दहाजणांस आपण होऊन सांगेल.